आकडा पोहोचला, अर्थ राहिला

'ध'चा 'मा' केला, असे आपण मराठी माणसे बोलता बोलता सहज म्हणून जातो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाभोवती जी आख्यायिका गुंफली गेली, तिच्यात कागदावरचे एकच अक्षर बदलले. 'धरावे'चे 'मारावे' झाले आणि शनिवारवाड्यात अनर्थ घडला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिने आपल्याला एक धडा मात्र पक्का शिकवला आहे. मजकुरात एवढासा फेरफार झाला, तरी तो माणसाच्या जिवावर बेततो.

आज मी तुम्हांला जी हकीकत सांगणार आहे, ती याहूनही चमत्कारिक आहे. तिच्यात कोणी अक्षर बदलले नाही. एकही आकडा पुसला गेला नाही. लिहिणाऱ्याने जो आकडा लिहिला, तोच जसाच्या तसा वाचणाऱ्याच्या हाती पडला. आणि तरीही २३ सप्टेंबर १९९९ या दिवशी, नऊ महिन्यांचा प्रवास करून मंगळाच्या दारात पोहोचलेले एक यान कायमचे नाहीसे झाले. आकडा पोहोचला, अर्थ वाटेत राहिला.

हे कसं घडलं, ते समजून घ्यायचं तर आधी थोडं मागे जायला हवं.

इंजिनियर मंडळींच्या फायली काही कथाकादंबऱ्यांसारख्या नसतात. पूल बांधायचा असो की विमानाचा पंख, त्याची सारी हकीकत आकड्यांत मांडलेली असते. अमुक बिंदू इथे आहे, अमुक दांडा या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जातो, त्याची जाडी इतकी, त्याच्यावरचा भार इतका. अशा हजारो ओळी. माणसाला चित्र पाहून उमगते. यंत्राला मात्र ओळीमागून ओळ वाचत, हा आकडा कशाचा आणि तो आकडा कोणाचा, हे ठरवीत पुढे जावे लागते. या कामाला 'पार्सिंग' असे नाव आहे. शब्द परका वाटला, तरी काम तुमच्या ओळखीचेच आहे. शाळेत गुरुजी फळ्यावर वाक्य लिहीत आणि म्हणत, "चालवा व्याकरण!" मग हा कर्ता, हे कर्म, हे क्रियापद, असे करीत आपण एकेका शब्दाची ओळख सांगत जायचो. पार्सिंग म्हणजे फायलीचे व्याकरण चालवणे. फरक इतकाच, की आपण चुकलो तर गुरुजी कान धरायचे. यंत्र चुकले तर त्याचा कान धरायला पुष्कळदा कोणी हजरच नसते.

आता हे व्याकरण पूर्वी कसे होते ते पाहा. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात माहिती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत. हर्मन हॉलेरिथ यांनी १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी अशी कार्डे वापरली, आणि १९२८ साली आयबीएम कंपनीने ८० स्तंभांचे कार्ड काढले. तेच पुढे जगभर रूढ झाले. एका कार्डावर ८० अक्षरे मावत, जास्त नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेने 'नास्ट्रान' नावाचा प्रोग्राम तयार करविला. विमाने आणि याने यांचे सांगाडे किती ताण सोसतील, याचे गणित करणारा हा प्रोग्राम. त्याच्या एका कार्डाचे आठ-आठ स्तंभांचे दहा कप्पे पाडलेले असत. बिंदूच्या कार्डावर पहिल्या कप्प्यात कार्डाचे नाव, दुसऱ्यात बिंदूचा क्रमांक, तिसऱ्यात मोजणीची चौकट, आणि चौथ्या, पाचव्या व सहाव्या कप्प्यांत त्या बिंदूची तीन अंतरे. म्हणजे आकड्याचा अर्थ आकड्यावर लिहिलेला नसे. तो कोणत्या कप्प्यात बसला आहे, यावर अर्थ ठरे. जेवणाच्या पंगतीत जसे पानावर वाढण्याच्या जागा ठरलेल्या, डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, तसाच हा प्रकार. वाढप्याने जागा चुकवली, तर जेवणाऱ्याला डोळ्यांनी तरी कळते. यंत्राला तेही कळत नसे.

आणि जागा चुकणे किती सोपे होते! त्या काळच्या फोरट्रान भाषेत आकड्याच्या कप्प्यातली रिकामी जागा शून्य म्हणून वाचली जाई. तीन स्तंभांच्या कप्प्यात तुम्ही १२ हा आकडा एक घर डावीकडे सरकवून लिहिलात, तर उजवीकडचे रिकामे घर शून्य धरून यंत्र १२० वाचून मोकळे होई. तक्रार नाही, शंका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली 'सीडीसी ३६००' हे मोठे गणकयंत्र आले, तेव्हा आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनीही अशाच कार्डांच्या गठ्ठ्यांवर काम केले. गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पसरला, म्हणजे काय होत असेल याची कल्पना तुम्हीच करा.

परंतु कप्प्याची चूक ही त्यातल्या त्यात बरी चूक म्हणायची. त्याहून खोल एक उणीव होती. बिंदूचे अंतर म्हणून कार्डावर २५ लिहिले. पण २५ काय? इंच, सेंटिमीटर, की मीटर? नास्ट्रान हे विचारीतच नसे. एकके कोणती धरायची ते इंजिनियरने ठरवायचे, ते सगळीकडे सारखे ठेवायचे, आणि ध्यानात ठेवायचे. जो माणूस कार्डे लिहितो तोच उत्तरे वाचतो, तोवर यात काही बिघडत नाही. लिहिणारा एका गावी आणि वाचणारा दुसऱ्या गावी झाला, की मग खरी अडचण येते.

याच सुमारास, या सगळ्यापासून दूर, नॉर्वे देशाच्या ओस्लो शहरात दोन माणसे वेगळ्याच विचारात गढली होती. त्यांची नावे क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल. नीगार्ड १९४८ पासून नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत होते, आणि देशाच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी गणिते त्यांनी केली होती. पुढे नॉर्वेच्या संगणन केंद्रात दोघांनी मिळून 'सिम्युला' नावाची भाषा रचली. तिचे १९६७ सालचे रूप हे आजच्या 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड', म्हणजे वस्तूंच्या अंगाने लिहिलेल्या, सगळ्या प्रोग्रामांचे मूळ पीठ होय.

त्यांची कल्पना ऐकायला साधी आहे. समजा, टोलनाक्यावर वाहनांची रांग लागली आहे, आणि तिचे गणित यंत्रावर मांडायचे आहे. जुन्या रीतीने आकड्यांचे तक्ते एकीकडे आणि त्या आकड्यांवर करायच्या क्रिया दुसरीकडे. कोणता आकडा कोणत्या क्रियेला द्यायचा, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात. नीगार्ड आणि डाल यांनी म्हटले, असे कशाला? 'वाहन' नावाचा एक वर्ग करा. वाहनाचे आकडे आणि वाहनाने करायच्या गोष्टी एकाच मोटेत बांधा. मग ट्रक हा वाहनाचाच एक प्रकार, बस हा दुसरा प्रकार. वाहनाचे सगळे गुण त्यांना वारशाने मिळतात. शिवाय ट्रकला माल आणि बसला उतारू, हे ज्याचे त्याचे. बाहेरच्याने ट्रकच्या पोटातल्या आकड्यांना परस्पर हात लावायचा नाही; काय हवे ते ट्रकला विचारायचे.

या कल्पनेचे मोल जगाला उमगायला वेळ लागला. अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात 'स्मॉलटॉक' भाषेतून ती पुढे नेली. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप या डॅनिश तरुणाने केंब्रिजला शिकताना सिम्युला वापरली होती. १९७९ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी तीच कल्पना 'सी' भाषेला जोडायला घेतली, आणि त्यातून 'सी प्लस प्लस' जन्माला आली. डाल आणि नीगार्ड यांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले, आणि २००२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

आता ही ओस्लोची कल्पना आणि इंजिनियरांच्या फायली यांची गाठ कशी पडली, ते सांगतो.

संगणकावर आराखडे काढण्याची पद्धत रूढ झाली, तशी प्रत्येक कंपनीची फाइल निराळी झाली. एकाच्या यंत्रावर काढलेला आराखडा दुसऱ्याच्या यंत्राला वाचता येईना. म्हणून १९७९ साली अमेरिकेत बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि तिथले राष्ट्रीय मानक कार्यालय यांनी मिळून एक सामाईक रीत ठरवायला घेतली, आणि १९८० च्या जानेवारीत 'आयजेस' ही फाइल-पद्धत प्रसिद्ध केली. गंमत पाहा: कार्डांचे युग सरत चालले होते, तरी आयजेसच्या फायलीची ओळ ८० अक्षरांचीच! ७३ व्या जागी एक अक्षर, आणि त्यावरून ही ओळ फायलीच्या कोणत्या भागातली, ते ओळखायचे. पण एक मोठी सुधारणा तिच्यात होती. प्रत्येक गोष्टीला जातीचा क्रमांक दिला होता: ११० म्हणजे सरळ रेषा, १०० म्हणजे वर्तुळाचा कंस. आणि जुन्या पत्रांना जसा मायना असे, तसा या फायलीला एक मायना होता. त्यात एकक सांगायची जागा होती: १ लिहिले तर इंच, २ लिहिले तर मिलिमीटर. अर्थ हळूहळू माणसाच्या डोक्यातून निघून फायलीत येऊ लागला.

त्यापुढचे पाऊल 'स्टेप' या आंतरराष्ट्रीय मानकाने टाकले. १९८४ साली सुरू झालेल्या या कामाचे पहिले भाग १९९४ साली प्रसिद्ध झाले. स्टेपमध्ये ओळीला कप्पे नाहीत. प्रत्येक ओळीला क्रमांक आहे आणि वस्तूचे नाव आहे: क्रमांक १० हा बिंदू, क्रमांक ११ ही दिशा, क्रमांक २७ ही १० आणि ११ यांच्या आधाराने काढलेली रेषा. कोणत्या वस्तूला कोणते गुण असावेत आणि कोणते नियम पाळावेत, हे 'एक्सप्रेस' नावाच्या वेगळ्या भाषेत लिहून ठेवले आहे. आणि तिथेही वर्ग, उपवर्ग आणि वारसा हाच संसार. लांबीचे एकक हीसुद्धा फायलीतली एक स्वतंत्र वस्तू आहे. इंच वापरायचा असेल, तर इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे फाइलच आपल्या तोंडाने सांगते.

अशी फाइल वाचणारा प्रोग्राम वस्तूंच्या अंगाने कसा लिहितात? तो ओळीवरचे नाव वाचतो, समजा 'बिंदू'. लगेच बिंदू या वर्गाची एक नवी वस्तू तयार करतो आणि ओळ तिच्या हवाली करतो: ही तुझी ओळ, तुझी तू वाच. बिंदूला ठाऊक असते, की आपल्याला तीन अंतरे हवीत. दोनच मिळाली तर तो अडून बसतो. वर्तुळाला ठाऊक असते, की आपली त्रिज्या शून्याहून मोठीच असली पाहिजे. एखादी ओळ पुढे येणाऱ्या ओळीचा हवाला देत असेल, तर प्रोग्राम फाइल दोन फेऱ्यांत समजून घेतो. पहिल्या फेरीत सगळ्यांची हजेरी, दुसऱ्या फेरीत ज्याने त्याने आपल्या जोडीदाराचा हात धरायचा. उद्या नव्या जातीची वस्तू निघाली, तर तिच्यासाठी नवा वर्ग लिहायचा. जुन्यांची घडी विसकटत नाही. पूर्वी हेच काम 'हे असेल तर असे कर, ते असेल तर तसे कर' अशा मारुतीच्या शेपटासारख्या लांबत जाणाऱ्या अटींनी करीत. ते शेपूट कुठे गुंतले, हे मग लिहिणाऱ्यालाही सापडत नसे.

इतकी तयारी झाल्यावर आता मंगळाकडे वळू या.

'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे नासाचे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले. यान बांधणारी आणि चालवणारी मंडळी डेन्व्हरच्या लॉकहीड मार्टिन कंपनीत. त्याचा मार्ग आखणारी मंडळी पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत. यानाचा तोल सांभाळणारी चाके त्याच्या पोटात फिरत असत. त्यांचा वेग फार वाढला, की लहान झोतयंत्रे क्षणभर पेटवून तो उतरवावा लागे. प्रत्येक वेळी यानाला बारीकसा धक्का बसे. तो धक्का किती, म्हणजे बल किती आणि किती वेळ, याला आपण आवेग म्हणतो. हा आवेग जमिनीवरचा एक प्रोग्राम मोजी आणि फायलीत लिही; मार्ग आखणारे ती फाइल वाचीत. आवेग न्यूटन-सेकंदांत लिहायचा, असे दोन्ही बाजूंच्या लेखी कराराच्या कागदात ठरलेले होते. प्रोग्राम मात्र पौंड-सेकंदांत लिहीत होता. एक पौंड-सेकंद म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन-सेकंद. वाचणाऱ्यांनी तो आकडा न्यूटनचा समजून घेतला, आणि प्रत्येक धक्का साडेचार पटींनी लहान धरला गेला.

चौकशी मंडळाचा अहवाल १० नोव्हेंबर १९९९ रोजी निघाला. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. उड्डाणानंतर पहिले चार महिने या फायली वापरताच आल्या नव्हत्या, कारण त्यांच्या रचनेत चुका होत्या. तोवर धक्क्यांची खबर ई-पत्राने कळवीत. एप्रिल १९९९ मध्ये रचना दुरुस्त झाली, फायली नीट वाचल्या जाऊ लागल्या, आणि आठवडाभरातच मार्ग आखणाऱ्यांना जाणवले, की हे आकडे काही जुळत नाहीत. म्हणजे बघा, व्याकरण सुधारले होते! कर्ता जागेवर, कर्म जागेवर, एकही ओळ वाकडी नाही. वाक्य शुद्ध, आणि खोटे. ती शंकासुद्धा अनौपचारिक बोलण्यातच राहिली. तक्रारीची जी रीतसर वाट होती, तिने ती गेली नाही.

मंगळाजवळून पहिल्यांदा जाताना यान २२६ किलोमीटर उंचीवर असावे, अशी योजना होती. ८० किलोमीटरपर्यंत ते तगले असते. मागाहून हिशेब केला तेव्हा ती उंची ५७ किलोमीटर निघाली. यान मंगळाच्या आड गेले ते अपेक्षेपेक्षा ४९ सेकंद आधी, आणि त्याचा आवाज पुन्हा आला नाही.

आता कोणी विचारील, की प्रोग्राम वस्तूंच्या अंगाने लिहिला असता तर यान वाचले असते का? असा दावा करण्याचे धाडस मी करणार नाही. पण एक दुवा पाहण्यासारखा आहे. याआधीच्या 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' यानाच्या प्रोग्राममध्ये ४.४५ चा गुणक बरोबर होता. मात्र तो सूत्राच्या पोटात दडलेला होता. हा एकक बदलणारा आकडा आहे, असे त्याच्यावर कुठे लिहिलेले नव्हते. नव्या यानाची झोतयंत्रे निराळी, म्हणून सूत्र बदलले, आणि नव्या मंडळींच्या हातून तो गुणक नकळत गळला. पाहणाऱ्याला तो दिसला असता, तर गळला नसता. नीगार्ड आणि डाल यांच्या शिकवणीचे मर्म नेमके इथे आहे. आवेग हा नुसता आकडा न ठेवता त्याची वस्तू करा; तिला जन्म देतानाच 'तुझे एकक कोणते?' असे विचारा. एकक सांगितल्यावाचून ती जन्मूच नये, अशी अट घाला. मग न्यूटन मागणाऱ्याच्या हाती पौंड पडणार नाही. पडला तर बदलून पडेल. कपाटातल्या करारात जे वाक्य निजून होते, ते प्रोग्राममध्ये जागे राहील.

अर्थात ती अट घालणारा माणूस लागतो. अट घालायची सुचणे आणि शंका आल्यावर ती रीतसर लिहून काढणे, ही कामे कोणतीही भाषा आपल्या वतीने करीत नाही.

जाता जाता एक आठवण देतो. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे मोजणाऱ्या माणसाच्या हातात अचानक १०० पैशांचा रुपया आला. जुना पैसा आणि नवा पैसा बाजारात एकाच वेळी फिरणार. गोंधळ अटळ होता. टांकसाळीने काय केले? नाण्याचे नावच 'नया पैसा' ठेवले, आणि त्याच्या अंगावर कोरले, 'रुपये का सौवाँ भाग'. मी कोण, आणि रुपयाशी माझे नाते काय, हे ते नाणे स्वतः सांगत होते. वाण्याला परिपत्रक शोधावे लागले नाही, की गिऱ्हाइकाला जुने काही स्मरावे लागले नाही. लोकांच्या सवयीत नवे नाणे मुरले, आणि मग १९६४ मध्ये 'नया' हा शब्द गळला.

तुमच्यापैकी कोणाची मुलगी किंवा मुलगा आज पुण्यात किंवा नाशकात बसून दूरदेशीच्या कारखान्यासाठी अशा फायली वाचणारे प्रोग्राम लिहीत असेल. त्यांना ही दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून दाखवा: एका बाजूला मंगळावर हरवलेला, अंगावर काही न लिहिलेला तो आकडा, आणि दुसऱ्या बाजूला तळहातावरचे ते एवढेसे नाणे. आणि सांगा, की बाळांनो, आकडा घराबाहेर पाठवाल तेव्हा त्याच्या अंगावर त्याचे नाव घालून पाठवा.